घरच्या ब्रेकफास्ट सॉसेजला मसाला कोणता आणि किती?

धंतोलीकर
मंडळी, नोकरीपायी काही काळ ओहायोत होतो. तिथे सकाळी अंड्यांसोबत पोर्क सॉसेजच्या चपट्या टिक्क्या मिळायच्या, आतड्यात न भरलेल्या. तीच चव घरी पाहिजे. रविवारी किलोभर खिमा आणून राहिलो. नेटवर सगळं माप चमच्यात, आणि कुणाचा चमचा केवढा कोण जाणे. त्यात लागणारा सेजचा पाला (तिकडची एक सुवासिक वनस्पती) नागपुरात बर्डीभर शोधला, नाही मिळाला. आई म्हणते, सावजी मसाला टाक अन् मोकळा हो. टाकू का?

जायफळवाली
सावजी मसाला टाकायचा तर सरळ सावजीच करा ना बाप्पा! तो तेलात परतून, रश्श्यात उकळून खुलतो. टिक्की तव्यावर असते आठ-दहा मिनिटं. तेवढ्यात दगडफूल-खसखस आत कच्चंच राहतं, वर खोबरं करपतं.

आधी मिठाचं बघा, कारण अर्धी चव तिथेच आहे. मीठ वजनानेच घ्या, किलोला 16 ग्रॅम. मग ताजी भरडलेली काळी मिरी 4 ग्रॅम, वाळलेला सेज चुरून एक मोठा चमचा (हलका असतो, दोनेक ग्रॅमच भरतो), थाइम (हाही तिकडचा वाळलेला सुवासिक पाला) एक लहान चमचा, सुंठ पाव चमचा. जायफळ पुरणात किसतो तेवढंच, त्याच्यावर गेलं की औषधासारखं लागतं. मेपल सिरपऐवजी 10 ग्रॅम गूळ, दोन-तीन चमचे गार पाण्यात विरघळवून. जास्त गूळ घातला तर टिक्की आत शिजायच्या आधी बाहेरून काळी होते. तिखट हवं तर भिवापुरी मिरची भरडून अर्धा चमचा, पूड नको.

थाइम नसेल तर ओवा चोळून चिमूटभर घाला. दोन्हीत थायमॉल हे वासाचं द्रव्य असतं, त्यामुळे वास जवळचा येतो. सेजला मात्र इथलं काही चालत नाही, वाळलेला ऑनलाइन मागवा. तुम्हाला आठवते ती चव सेजचीच आहे.

खाटकाला खांद्याचं मांस सांगा, चरबी काढू नको म्हणा. पाव हिस्सा तरी चरबी पाहिजे. आपल्याकडे गिऱ्हाइकाला खूश करायला ती आपणहून काढून टाकतात. मग टिक्की रबरी होते अन् दोष मसाल्याला लागतो.

सगळं कालवलं की सुपारीएवढा गोळा तळून खा, मग मीठ-मिरी वाढवा. कच्चा खिमा चाखू नका.

सदर_बाजार
ताईंनी सगळं सांगितलं, एकच जोडतो. हे नागपूर आहे. मे महिन्यात 45 अंशांत ओट्यावर खिमा मळायला घ्याल तर चरबी वितळून हाताला लागेल, अन् शिजताना सगळी तव्यात उतरेल. खिमा अन् परात दोन्ही अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फाचं पाणी घालून मिनिट-दोन मिनिटं जोरात मळा. गोळा तळहाताला चिकटला, हात उलटा केला तरी पडला नाही, की थांबा. मीठ लागलं की मांसातलं प्रथिन सुटतं, बांधणी त्यानेच होते. अंडं, बेसन काही लागत नाही.

धंतोलीकर
आलं-लसणाची पेस्ट घालू का थोडी? आणि बायको पोर्क खात नाही, तिच्यासाठी चिकनचं जमेल?

जायफळवाली
ताजं आलं नको. त्यातलं एन्झाइम मांस मऊ करतं, रात्रभर मुरवलं तर खिमा लगदा होतो. म्हणून तर सुंठ सांगितली. लसूण खिसून एक पाकळी चालेल, पण मग ती ओहायोची चव नाही राहणार.

चिकनला छातीचं मांस घेऊ नका, मांडीचं घ्या, कातडीसकट दळून. मसाला तोच, फक्त जायफळ कमी. चिकन आत 74 अंश सेल्सिअस, पोर्क 71 अंश व्हायला पाहिजे. शंभर टक्के सांगायचं तर थर्मामीटर लागतोच, रंगावर जाऊ नका. आणि तिचा तवा वेगळा ठेवा, सांगून ठेवते.

सदर_बाजार
उरलेला मसाला लावलेला खिमा फ्रीजमध्ये दोन दिवसांच्या वर ठेवू नका. टिक्क्या थापून मध्ये बटर पेपर घालून फ्रीजरला टाका. सकाळी काढून मंद आचेवर, झाकण न ठेवता. झाकलं की वाफेत शिजते, कडा कुरकुरीत होत नाहीत.

धंतोलीकर
सेज मागवला. आईला अजून पटलेलं नाही, ती म्हणते चार टिक्क्या माझ्या मसाल्याच्या वेगळ्या काढ.