पेपरचा संपादक आणि डोंगर चढणारा? आब्राहाम रोटबद्दल कुणाला माहितीये का

कातळवेडा:
आल्प्समधल्या जुन्या चढायांबद्दल वाचत होतो तर डोल्डनहॉर्नच्या (३६३८ मीटर) पहिल्या चढाईत हे नाव सापडलं. साल १८६२, आणि हा बाबा स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या 'डेर बुंड' पेपरचा संपादक! सोबत एडमुंड फॉन फेलेनबर्ग म्हणून कुणी. तेव्हा आल्प्स म्हणजे सगळे इंग्रजच असं माझ्या डोक्यात बसलेलं, मग हे पेपरवाले कुठून उगवले? आणि खरंच चढले की गाईड लोकांनी वर नेऊन ठेवलं?

हिमरेषा:
फेलेनबर्ग भूगर्भवाला, वयाने रोटपेक्षा बराच लहान. गाईडचं म्हणाल तर क्रिश्चन लाउएनरसारखे पट्टीचे लोक बरोबर होते आणि बर्फात कुऱ्हाडीने पायऱ्या खोदायचं काम त्यांचंच, पण तेव्हा सगळेच तसे चढायचे, इंग्रजही, त्यात कमीपणा काही नव्हता. खिळे मारलेल्या बुटांवर ३६०० मीटर जाऊन बघा म्हणावं 😄 त्याच उन्हाळ्यात या जोडीने शेजारचं वायसे फ्राउपण केलं, ३६५० मीटर.

जुनापुराणा:
इंग्रजांबद्दल तुझं फार चुकलं नाही. वायसे फ्राउ ज्या ब्ल्यूमलिसाल्प रांगेत आहे तिचं मुख्य शिखर १८६० मध्येच लेस्ली स्टीफन हा इंग्रज चढून गेला होता, लंडनचा अल्पाइन क्लब (डोंगर चढणाऱ्यांची संस्था) तर १८५७ चा. डोंगर स्विस लोकांचे आणि त्यांची माहिती इंग्रजांच्या पुस्तकातून घ्यायची, हे तिथल्या लोकांना झोंबायला लागलेलं. सिमलर नावाच्या बर्नमधल्या माणसाने नेमकं हेच लिहून १८६२ च्या ऑक्टोबरमध्ये पत्रक काढलं आणि १९ एप्रिल १८६३ ला ओल्टन स्टेशनच्या खानावळीत ३५ जण जमून स्विस अल्पाइन क्लब सुरू झाला. स्टेशन का, तर रेल्वेचे फाटे तिथे मिळायचे, सगळीकडून यायला सोपं. रोटची चढाई या पत्रकाच्या जेमतेम तीन-चार महिने आधीची आहे, म्हणजे हवा तापलेलीच होती.

हिमरेषा:
+१. आणि संपादक असल्याचा फायदा इथेच झाला बघा. गडी चढून आला आणि गप्प बसला नाही, १८६३ मध्ये दोन्ही चढायांवर चित्रांसकट पुस्तक आलं, त्याचं इंग्रजी भाषांतरही निघालं. म्हणजे आता इंग्रजांनी स्विस माणसाचं वाचायचं! मला तर चढाईपेक्षा हीच गोष्ट भारी वाटते. गाईड लोक त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त चढले असतील, पण लिहिणारा हा होता म्हणून आज आपण नाव याचं घेतोय.

कातळवेडा:
हे शेवटचं पटलं आणि जरा टोचलंपण. वायसे फ्राउ म्हणजे काय पण?

जुनापुराणा:
गोरी बाई, पांढरी बाई, काय हवं ते म्हण. कांडरस्टेगच्या वर एशिनेन तलाव आहे त्याचे फोटो बघ, मागे जी बर्फाची रांग दिसते ना त्यातच आहे ती. डोल्डनहॉर्न तिथून उजवीकडे.