मदत हवी आहे : आज्जांची १९७१ ची पलटण कशी शोधायची?

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातला. १४ फेब्रुवारीला गावच्या शाळेत पुलवामाच्या जवानांना श्रद्धांजलीचा कार्यक्रम करायलोय. २०१९ ला लेथपोऱ्याजवळ सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यात आपल्या कर्नाटकातल्या मंड्याचे होते, महाराष्ट्रातल्या बुलढाण्याचे पण होते, ते पोरांना नीट सांगायचंय. आणि त्याच दिवशी गावातनं फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं, पलटणीसकट, एका बोर्डावर लिहून लावायचीत.

आता अडलंय आमच्याच घरात. आज्जा मराठा लाईट इन्फंट्रीत होते, ७१ च्या लढाईत होते, पण डिस्चार्ज बुक (फौजेतनं सुटताना मिळतं ते नोंदींचं पुस्तक) कुठं गेलं कुणालाच माहीत नाही. संग्राम मेडल तेवढं आज्जीनं जपून ठेवलंय, त्याच्या कडेला नंबर आणि नाव कोरलंय, पण नंबरातले दोन आकडे झिजून गेलेत. आज्जी म्हणते ते जमालपूरचं (आताच्या बांगलादेशातलं) नाव सारखं काढायचे. जमालपूरला १ मराठा (मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन), म्हणजे जंगी पलटण लढली होती, त्यामुळं मला तीच वाटते, पण खात्री केल्याशिवाय बोर्डावर लिहिणं बरोबर नाही, दुसऱ्या पलटणीचा मान आपण कसा घ्यायचा?

बेळगावात मराठा सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कुणी केलाय का? अर्धवट नंबरावर माहिती देतात का, आणि आज्जीच्या पेन्शन बुकाची झेरॉक्स चालते का, की आधी सैनिक कल्याण खात्याकडनं पत्र घ्यायला लागतं? त्या काळचे कोणी माजी सैनिक ओळखीचे असले तर तेही सांगा, मी स्वतः जाऊन भेटतो.