आधी ३ नंबरची तार सोडवून पाहा

वरच्या मजल्यावर फोनचं एक्स्टेन्शन घेतल्यापासून ब्रॉडबँड सारखं तुटतंय, असं तुम्ही लिहिलंय. इथे इंग्लंडात जुन्या घरांत हे नेहमी होतं. राउटर बदलण्याची घाई करू नका. मास्टर सॉकेटच्या, म्हणजे बाहेरची फोनलाइन घरात जिथे येते त्या मुख्य सॉकेटच्या, खालच्या अर्ध्या भागाचे दोन स्क्रू काढून तो अलगद पुढे ओढा. एक्स्टेन्शनच्या तारा त्याच्यासोबतच बाहेर येतात आणि आत टेस्ट सॉकेट दिसतं. फिल्टर (फोन आणि ब्रॉडबँडचे सिग्नल वेगळे करणारी छोटी डबी) लावून राउटर तिथे जोडा. लाइन टिकली, तर दोष घरातल्या वायरिंगचा.

मग ओढून काढलेल्या भागामागे ३ नंबरच्या जोडणीतली तार शोधा, बहुतेक नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांची. ती फक्त जुन्या फोनची घंटी वाजवायला असते, पण अँटेनासारखी आजूबाजूची खरखर ओढून घेते. आवाज आणि ब्रॉडबँड २ आणि ५ नंबरच्या तारांवरच चालतात. माझ्याकडे ती एक तार सोडवली आणि रोज संध्याकाळचं तुटणं थांबलं. मागची प्लेट आणि बाहेरून येणारी तारांची जोडी ओपनरीचची (फोनलाइन सांभाळणाऱ्या कंपनीची), तिला हात लावू नका.

आणि हो, जानेवारी २०२७ पर्यंत जुनी फोनसेवा बंद होणार आहे, फोन राउटरला लागेल. तेव्हा एक्स्टेन्शन राउटरवरून चालवायची असतील, तर आधी ती मास्टर सॉकेटपासून पूर्ण वेगळी करा.