१८० फुटांचा गाळा, कुर्तीचं दुकान – फॉल्स सीलिंग करू की नको?

सुईदोरा: मंडळी, दादर वेस्टला रानडे रोडच्या आतल्या गल्लीत भाड्याने गाळा घेतलाय, कुर्ती आणि ड्रेस मटेरियलसाठी. १० बाय १८, हाइट ११ फूट, ॲग्रीमेंट ३ वर्षांचं. इंटिरियरवाला म्हणतो फॉल्स सीलिंग, समोर पूर्ण काच, भिंतभर आरसे, टोटल साडेचार लाख. माझ्याकडे अडीच आहेत. सासरे म्हणतात काही करू नका, गादी घाला, लोड ठेवा, झालं दुकान. कुठे कात्री लावू?

हिंदमातावाला: सीलिंगला लाव. ३ वर्षांनी मालकाने गाळा मागितला तर पीओपी डोक्यावर घेऊन जाणारेस का? भिंतीला स्लॉटेड चॅनल, म्हणजे खाचांच्या लोखंडी पट्ट्या मार, त्यात ब्रॅकेट आणि रॉड, वरखाली करता येतं आणि जाताना सगळं काढून नेता येतं. कुर्ती ४६-४८ इंच लांब असते त्यामुळे रॉड एकच, दुसरा वर लावलास तर गिऱ्हाइकाचा हात पोचणार नाही, वर स्टॉक ठेव. खालच्या कपाटांना ७१० मरीन प्लायच घे, तो पाण्याला टिकतो, आमच्याकडे एका पावसाळ्यात कमर्शियल प्लाय पापडासारखा फुगला होता, माल भिजला तो वेगळाच.

उजेडात_दाखवा: ताई, सीलिंगचे वाचलेले पैसे लाइटमध्ये घाला. मी ९ वर्षं साडीच्या दुकानात काउंटरला होते, तिथे ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक ट्यूब होत्या आणि दर दुसरी बाई म्हणायची "जरा उजेडात दाखवा ना", की मी साडी घेऊन फूटपाथवर. मग मालकाने ४००० केल्विनचे (केल्विन जितके कमी तितका उजेड पिवळसर), सीआरआय ९० वाले ट्रॅक लाइट लावले आणि माझ्या चकरा थांबल्या. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरा दिसतो त्याचं माप, १०० पैकी. स्वस्त एलईडी ८० च्या आसपास असतात आणि त्यात लाल रंग जास्त मार खातो, मरून तर मातकटच दिसतो. लाइट घ्यायला लोहार चाळीत जाल तेव्हा एक मरून आणि एक नेव्ही ब्लू कुर्ती पिशवीत घालून न्या, दिव्याखाली धरून बघा, नेव्ही काळी दिसली तर पुढचं दुकान.

आणि ट्रायल रूम! निदान ३ बाय ३, दोन हुक, पर्सला छोटी फळी, पडदा नको, दार हवं आणि त्याला आतून कडी. डोक्यावर एकच स्पॉट लावू नका, डोळ्यांखाली काळं दिसतं, बाई स्वतःचा चेहरा बघून वैतागते आणि कुर्ती परत देते. आरशाच्या दोन्ही बाजूंना लाइटच्या उभ्या पट्ट्या लावा.

गाळा_नं_७: बोर्ड करायला टाकताना नाव देवनागरीत, आणि इंग्रजीपेक्षा लहान अक्षरात नको. २०२२ पासून १० पेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही नियम लागू आहे. आमचा बोर्ड दोनदा झालाय.

हिंदमातावाला: बाकी सासरे अगदीच चुकत नाहीयेत हां. ड्रेस मटेरियल हँगरवर विकलं जात नाही, टॉपचं अडीच मीटर उलगडून वर दुपट्टा टाकून दाखवावं लागतं. मागच्या बाजूला ४ फुटांची गादी घाल, तिथे त्यांनाच बसव.

सुईदोरा: सासऱ्यांना दाखवलं, ते आत्तापासूनच लोडाला अभ्रे शोधतायत. इंटिरियरवाल्याला फोन केला, सीलिंग नको, आरसे नकोत, चॅनल आणि लाइट फक्त. तो म्हणाला, "मग मॅडम, मला कशाला बोलावलंत?"