'नियमन' म्हणजे बंद करणं का?

नौपाड्याची : आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर येत्या रविवारी एआयवर भाषण आहे. फलकावर विषय लिहिला, 'कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियमन आणि आपण'. फलक लावून तास झाला नसेल, एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे हे आता बंद होणार का गं? भारनियमनासारखं?" आधी हसू आलं, मग वाटलं, यात त्यांचं काय चुकलं? दुसरा शब्द सुचवा. नियंत्रण, निर्बंध, विनियमन, काहीही.

तीन हात नाका : आजोबांचं बरोबर आहे. मराठी माणसाला 'नियमन' पाठ झालं ते मेणबत्तीच्या उजेडात. वीज कापायची आणि म्हणायचं, भाराचं नियमन करतोय! सरकारी सौजन्य म्हणतात ते हेच. पण हाच शब्द आमच्या नाक्यावर वेगळा वागतो. 'वाहतुकीचे नियमन करणारा पोलीस' गाड्या बंद करायला उभा नसतो, एक बाजू थांबवतो ती दुसरी सुटावी म्हणून. दोन्ही छटा धातूतच आहेत. नि + यम्, यम् म्हणजे आवरणे, धरून ठेवणे. नियम, संयम तिथलेच. 'यंत्र'सुद्धा त्याच कुळातलं, संस्कृतात मुळात आवळून धरणारं साधन. आता त्या यंत्रालाच आवरायची पाळी आली आहे, हा भाग निराळा.

जुना वकील : 'विनियमन' तेवढं नको. बोजड आहे म्हणून नाही, घोटाळा होतो म्हणून. आपल्या कायद्याच्या मराठीत उतरंड ठरलेली आहे. संसद किंवा विधिमंडळ करतं तो अधिनियम, त्याखाली सरकार करतं ते नियम, आणि एखादं प्राधिकरण किंवा मंडळ करतं ते बहुधा विनियम. युरोपीय संघाचा एआयविषयीचा कायदा 1 ऑगस्ट 2024 रोजी अमलात आला. त्याला तिकडे 'रेग्युलेशन' म्हणतात. कोश उघडून 'विनियम' लिहिलंत, की आपला वाचक समजणार, काहीतरी दुय्यम दिसतंय. प्रत्यक्षात तो 27 देशांत थेट लागू होणारा कायदा आहे. मनाई असलेला वापर केला तर साडेतीन कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या 7 टक्के, यांतली मोठी रक्कम, इथपर्यंत दंड. त्याला सरळ 'कायदा' म्हणा.

आपल्याकडे या विषयाचा स्वतंत्र अधिनियम नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने काढली ती मार्गदर्शक तत्त्वे. फेब्रुवारी 2026 मध्ये बनावट चित्रं, आवाज यांना तशी खूण लावायची सक्ती आली, ती 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून. तत्त्व, नियम, अधिनियम या तीन पायऱ्या आहेत आणि बातम्यांत तिन्हींना 'एआयवर सरकारचा अंकुश' असाच मथळा मिळतो.

नौपाड्याची : मग नियंत्रणच बरं का? प्रदूषण नियंत्रण म्हणतोच की.

जुना वकील : म्हणतो. आणि ठाण्यात इमारत बांधायची तर 'एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली' बघावी लागते. नियंत्रण आणि प्रोत्साहन एकाच दमात. एआयबद्दल जगभरच्या सरकारांना नेमकं हेच हवं आहे, फक्त कुणी इतकं स्पष्ट नाव देत नाही.

ऐरोलीकर : मथळेवाल्यांची एक गंमत. वेसण बैलाला, लगाम घोड्याला, अंकुश हत्तीला. तिन्ही एआयला लावून झालं, म्हणजे हा प्राणी कोणता ते अजून ठरलेलं नाही!

आमच्याकडे खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते, म्हणजे पाण्याचं दार. भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी सोडून द्यायचं. आजा सांगायचा, "उघारी बगून ये." तिच्याकडे दुर्लक्ष झालं, बांध फुटून खांड गेली, की भातशेती खारावलीच. आता तिथे सेक्टर आणि टॉवर आहेत, पण नवी मुंबईतल्या धारण तलावांची झडपदारं याच हिशेबाने चालतात. मला तो युरोपचा कायदा असाच वाटला. कामाच्या ठिकाणी किंवा शाळेत माणसाचा चेहरा वाचून त्याच्या भावना ताडायच्या, याला 2 फेब्रुवारी 2025 पासून मनाई, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळून. नोकरीचे अर्ज चाळणाऱ्या यंत्राला मात्र मनाई नाही, अटी आहेत. म्हणजे काय अडवायचं आणि काय सोडायचं हे पाणी बघून ठरवलेलं. याला नियंत्रण म्हणवत नाही. नियमनच.

तीन हात नाका : उघाडी झकास. पण नौपाड्यात कुणाला कळणार?

मला खरी अडचण 'चे'ची वाटते. 'पोलिसांचे नियमन' म्हटलं तर पोलीस नियमन करतात की पोलिसांवर कुणी करतं? षष्ठी दोन्हीकडे चालते. 'कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियमन' वाचून उद्या कुणी समजेल, आता एआय आपलं नियमन करणार. (सिग्नल पाहता अगदीच अशक्य नाही.) 'नियंत्रण'ला ही अडचण नाही, कारण ते 'वर' घेतं. एआयवर नियंत्रण, विषय मिटला. 'नियमना'ला 'वर' लावून बघा, कानाला खटकतं.

जुना वकील : शिवाय नियम बुद्धिमत्तेला लागू होत नाहीत. ती बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या माणसांना, कंपन्यांना होतात. दंड भरायला यंत्र येत नाही.

नौपाड्याची : मग नामच काढून टाकते. 'एआय बनवणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना नियम कोणते?' चालेल?

ऐरोलीकर : पळेल. आजोबांना वाचून दाखव आधी.

नौपाड्याची : दाखवलं. म्हणाले, "हे कळलं. पण तो आधीचा फलक तरी काढ, 'कृत्रिम'चा त्रि दीर्घ छापलाय." गेले दोन दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं.