मदत हवी आहे: काळाराम सत्याग्रहावर प्रकल्प करतेय

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्येच एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. अस्पृश्य मानलेल्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह आणि अस्पृश्यता नष्ट करणारं संविधानातलं कलम १७ यांचा दुवा मला मांडायचाय. वर्गात हा लढा दोन ओळींत उरकला, ते मनाला फार लागलं. आपल्याच गावची गोष्ट ना! परवा पंचवटीत मंदिराच्या दरवाजासमोर वही घेऊन तासभर उभी होते. पान कोरंच राहिलं.

कुणी घरच्या वडीलधाऱ्यांकडून त्या दिवसांबद्दल ऐकलंय का? तेव्हाची मराठी वृत्तपत्रं सार्वजनिक वाचनालयात चाळायला मिळतात का? इंग्रजी वाचताना दमछाक होते, मराठीतलं काही असेल तर आधी सांगा. महिनाअखेरीला प्रकल्प जमा करायचाय.