मदत हवी आहे: एसएसडी घेतली, तरी कॉपी कासवाच्या गतीने

लेन्सवाला:
पुण्याच्या तपकीर गल्लीतून १ टीबीची एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) आणली. दुकानदार म्हणाला सेकंदाला ५५० एमबी मिळतील. मिळताहेत ३५! लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ धरून ३५० जीबी हलवायचंय, त्यात उद्या गुरुवार, लाईट जाणार. माल डुप्लिकेट आहे का? लवकर सांगा.

तारकुट्या:
लॅपटॉप कुठला? एसएसडी आत बसवलीत की बाहेरून जोडलीत? कशावरून कशावर कॉपी चाललीय? पत्रिका बघायची तर जन्मवेळ तरी द्या.

लेन्सवाला:
लॅपटॉप चांगलाय हो, आय-फाइव्ह प्रोसेसर आहे. प्रॉब्लेम एसएसडीचा आहे.

गिगाबाप्पा:
जुन्या साटा जोडणीवाली घेतलीतच कशाला? वेगवान एनव्हीएमईवाली घ्यायची. माझी सेकंदाला ३५०० एमबी देते. जेन फोरच्या (चौथ्या पिढीच्या) तर ७००० च्या घरात जातात.

तारकुट्या:
@गिगाबाप्पा, त्यांच्या लॅपटॉपला ती बसवायचा एम.२ स्लॉट आहे का हे तरी कळू द्या.

जुनंसोनं:
माझी हार्ड डिस्क २००९ पासून ठणठणीत आहे. मरायच्या आधी कुरकुर तरी करते बिचारी. एसएसडी न सांगता जाते.

गिगाबाप्पा:
काका, तुमची एकदा टेबलावरून पडू द्या, मग बोलू. एसएसडीत फिरणारं काही नसतंच.

जुनंसोनं:
मी वस्तू पाडत नाही.

लेन्सवाला:
भांडणं नंतर करा ना! एसएसडी केसिंगमध्ये घालून यूएसबीला लावलीय. कॉपी लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवरून.

तारकुट्या:
हे आधी सांगायचं होतं. पोर्टच्या आत डोकावून बघा, पट्टी काळी आहे की निळी? काळी असेल तर बहुधा जुनं, हळू यूएसबी २. कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट, हातात पडतात ३५-४०. एसएसडी कितीही पळो.

सिंहगडरोड:
टीव्हीला लावायची असेल तर एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करून घ्या.

लेन्सवाला:
टीव्हीला कोण लावतंय? निळ्या पोर्टात घातली, ९५ झाले! पण फोटोंच्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या प्रिव्ह्यूच्या बारक्या फायली आल्या की एकदम ४-५ वर येतं.

तारकुट्या:
आता अडतेय ती तुमची जुनी हार्ड डिस्क. तिच्या तबकडीचे मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. वाचणारं हेड तबकडीच्या योग्य पट्ट्यावर सरकणार, मग हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबणार. एका फाईलमागे १५ मिलिसेकंद सहज जातात. मोठा व्हिडिओ सलग वाचला जातो म्हणून ९५. बारक्या हजारो फायलींत नुसती धावाधाव. एसएसडीला तीच जागा गाठायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही पुरतो, पण वाचायचंय हार्ड डिस्कवरून ना!

गिगाबाप्पा:
हार्ड डिस्कला डीफ्रॅग मारा, विखुरलेल्या फायली सलग लागतील.

तारकुट्या:
आत्ता? रात्र जाईल त्यात. प्रिव्ह्यूचं फोल्डर वगळा, सॉफ्टवेअर ते परत बनवतं. मूळ फोटो आणि व्हिडिओ तेवढे घ्या. नंतर सवडीने एसएसडी लॅपटॉपच्या आत बसवा आणि हार्ड डिस्क केसिंगमध्ये. खरा फरक विंडोज चालू होताना दिसेल.

लेन्सवाला:
वगळलं. तासाभरात होईल असं दाखवतंय. आभार.

जुनंसोनं:
आणि त्या हार्ड डिस्कवरचं लगेच पुसू नका. दोन-चार व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा आधी.

गिगाबाप्पा:
काकांना +१. पहिल्यांदाच.

सिंहगडरोड:
धागा चालूच आहे तर विचारतो, आमचा प्रिंटर वायफायला जोडत नाहीये.

तारकुट्या:
नवीन धागा काढा. आणि मॉडेल लिहा.